जुने ॲम्प्लिफायर आणि घरची दुरुस्ती : सुरक्षा व दायित्वाच्या प्रश्नाचा आढावा

जुना ॲम्प्लिफायर म्हटला की ढोबळमानाने १९९० च्या आधीची यंत्रे डोळ्यांसमोर येतात. त्यांच्या तीन जाती आहेत. पहिली व्हॉल्व्हवर चालणारी, दुसरी ट्रान्झिस्टरवर चालणारी घरगुती स्टीरिओ यंत्रे आणि तिसरी सभा, देऊळ, मंडप यांच्यासाठी बनवलेली, कर्ण्यांना जोडायची सार्वजनिक यंत्रे. कोल्हापूर जिल्ह्याच्या डोंगरी भागात, विशेषतः राधानगरी तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर, तिसऱ्या जातीची यंत्रे सर्वाधिक टिकून आहेत. कारण हरिनाम सप्ताह, ग्रामदैवताची जत्रा आणि गणेशोत्सव यांना त्यांची दरवर्षी गरज पडते. ही यंत्रे बिघडतात तेव्हा ती उघडायची कोणी, उघडताना कोणती काळजी घ्यायची आणि दुरुस्तीनंतर कोणाला इजा झाली तर जबाबदार कोण, या तीन प्रश्नांचा मिळून हा विषय होतो. पहिल्या दोन प्रश्नांवर मतभेद आहेत, पण माहिती भरपूर आहे. तिसऱ्यावर मात्र विखुरलेली कलमे आहेत आणि त्यांचा एकत्र विचार क्वचितच होतो.

पार्श्वभूमी

व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरचा बहर दुसऱ्या महायुद्धानंतरचा. इंग्लंडमध्ये विल्यमसन यांची मांडणी १९४७ मध्ये प्रसिद्ध झाली. मुलार्ड कंपनीची पाच व्हॉल्व्ह आणि दहा वॉटची ‘५-१०’ ही मांडणी १९५४ मध्ये आली. या मांडण्या छापील स्वरूपात सर्वांना उपलब्ध होत्या, म्हणजे घरी बांधणे आणि घरी दुरुस्त करणे ही त्या काळची मान्य रीत होती. भारतात दिल्लीच्या आहुजा कंपनीने सभा-मंडपांच्या यंत्रांत जम बसवला. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६० च्या दशकात व्हॉल्व्ह देशातच बनवायला सुरुवात केली आणि १९६९ पासून ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ मासिकाने हौशी मंडळींच्या हाती मंडल-आकृत्या दिल्या. पुढे ट्रान्झिस्टर आले, ‘२एन३०५५’ हे नाव रेडिओ मेकॅनिकांच्या तोंडी बसले आणि सुट्या भागांसाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड हा पत्ता पक्का झाला.

त्या काळी तालुक्याच्या गावी रेडिओ दुरुस्तीचे एखादे दुकान असेच. आयटीआयमधून ‘रेडिओ व टीव्ही मेकॅनिक’चा ट्रेड शिकलेली मुले तिथे उमेदवारी करत. पुढे रेडिओचा आणि जुन्या टीव्हीचा धंदा आटला, दुकाने मोबाइल दुरुस्तीकडे वळली आणि उच्च दाबाच्या यंत्रावर हात बसलेला माणूस दुर्मिळ झाला. यंत्रे मात्र उरली. घरच्या दुरुस्तीचा प्रश्न आज जो तातडीचा वाटतो, तो हौस वाढल्यामुळे जितका आहे त्याहून अधिक जाणता मेकॅनिक उरला नाही म्हणून आहे.

धोका नेमका कुठे असतो

व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरमध्ये घरातल्या २३० व्होल्टपेक्षा जास्त दाब तयार केला जातो. लहान यंत्रात २५० ते ३०० व्होल्ट, मोठ्यात ४०० ते ४५० व्होल्ट डीसी. हा दाब गाळणीच्या कॅपॅसिटरमध्ये साठतो. १०० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर ४५० व्होल्टपर्यंत भरलेला असेल, तर त्यात सुमारे १० जूल ऊर्जा असते. पिन काढली तरी ती जात नाही. यंत्र नेहमीसारखे चालू असताना बंद केले, तर तापलेले व्हॉल्व्ह ती ओढून घेतात. पण व्हॉल्व्ह काढून ठेवले असतील किंवा नेमका तोच भाग बिघडला असेल, तर कॅपॅसिटर तासन्‌तास भरलेला राहू शकतो. म्हणजे बिघडलेले यंत्र हे चांगल्या यंत्रापेक्षा जास्त धोक्याचे असते आणि दुरुस्तीला येते ते नेमके बिघडलेलेच.

तो रिकामा करण्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. स्क्रूड्रायव्हरने दोन टोके जोडून ठिणगी पाडण्याची सवय अजून दिसते. तिने कॅपॅसिटर दुखावतो, टोक वितळते आणि दचकून हात दुसरीकडे आपटतो. योग्य रीत म्हणजे १० किलोओहम, १० वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी आधी चॅसीला आणि मग कॅपॅसिटरच्या धन टोकाला लावायचा. वरच्या उदाहरणात कालांक १ सेकंद येतो. पाच-सहा सेकंदांत दाब नगण्य होतो. त्यानंतर मीटरने मोजून खात्री करायची आणि काम संपेपर्यंत क्लिप तशीच ठेवायची, कारण जुन्या इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरमध्ये रिकामा केल्यावरही थोडा दाब पुन्हा वर येतो. काही यंत्रांत कॅपॅसिटर रिकामा करणारा रेझिस्टर मुळातच बसवलेला असतो. तो तुटलेला नाही, हे मात्र कोणी गृहीत धरू नये.

ट्रान्झिस्टरच्या यंत्रांत दाब कमी असतो, साठा मात्र कमी नसतो. ५० व्होल्टला १०,००० मायक्रोफॅरड म्हणजे साडेबारा जूल. व्हॉल्व्हच्या उदाहरणाहून जास्तच. पण कोरड्या कातडीतून ५० व्होल्ट सहसा जीवघेणा प्रवाह ढकलू शकत नाहीत, म्हणून धक्क्यापेक्षा भाजण्याची भीती अधिक. बोटातली अंगठी दोन टोकांमध्ये आली तर ती लालबुंद होते. आणखी एक धोका आगीचा. शेवटचा ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की सगळा डीसी स्पीकरच्या कॉइलमध्ये जातो आणि ती पेटू शकते. बाजारातले बनावट ट्रान्झिस्टर ही शक्यता वाढवतात.

सभा-मंडपाच्या यंत्रांत तिसराच धोका आहे. लांबवरच्या कर्ण्यांसाठी त्यांना १०० व्होल्टची लाइन असते. २५० वॉटच्या यंत्रात पूर्ण आवाजाला या तारेत अडीच अँपिअर प्रवाह असतो. ‘स्पीकरची तार, तिने काय होणार’ हा समज इथे चुकीचा ठरतो. झाडावरून, पत्र्यावरून ओढलेली आणि सांध्यांना उघडी राहिलेली ही तार पावसात धोकादायक होते.

माणसाच्या शरीराचे आकडे बरेच स्थिर आहेत. ५० हर्ट्झच्या वीजप्रवाहात अर्ध्या मिलिअँपिअरच्या आसपास जाणीव होते. १० मिलिअँपिअरच्या पुढे स्नायू आखडून हातातली वस्तू सुटेनाशी होते. त्याच्या काही पट प्रवाह छातीतून गेला आणि थोडा वेळ टिकला, तर हृदयाची लय बिघडते. एका हातातून दुसऱ्या हातात जाणारा प्रवाह छाती ओलांडतो, म्हणून चालू यंत्रात मोजताना एक हात खिशात ठेवण्याची जुनी शिस्त आहे. तिच्यावर कोणत्याही पक्षाचा मतभेद नाही.

पाऊस, जांभा आणि अर्थिंग

राधानगरी, दाजीपूरचा पट्टा अतिवृष्टीचा. चार महिने हवेत ओल असते. देवळाच्या किंवा तालमीच्या खोलीत पडून असलेल्या यंत्राचे ट्रान्सफॉर्मर, कागदी इन्सुलेशन आणि टॅगबोर्ड ती ओल पितात. शिवाय जत्रा उन्हाळ्यात होते आणि गणपती भाद्रपदात. म्हणजे मधले महिने बंद असलेले यंत्र वर्षातल्या सर्वांत दमट दिवसांनंतर थेट पूर्ण दाबाने चालू केले जाते. कपलिंग कॅपॅसिटर झिरपायला लागला की पुढच्या व्हॉल्व्हची प्लेट लाल होते आणि ट्रान्सफॉर्मर जळतो. उत्सवाच्या आदल्या संध्याकाळी येणारे बिघाड बरेचदा या वाटेने येतात.

जमिनीचा प्रश्न याहून गंभीर आहे. जुनी कित्येक यंत्रे दोन पिनांची आहेत. धातूची पेटी आणि दुहेरी इन्सुलेशन नाही, अशी ही रचना आजच्या मानकांत बसत नाही. त्यांना तीन पिनांची वायर लावली, तरी पुढचे अर्थिंग जमिनीवर अवलंबून राहते. सह्याद्रीच्या सड्यांवरचा जांभा आणि कातळ यांत अर्थिंगचा रोध सहज वाढतो, उन्हाळ्यात आणखी वाढतो. समजा तो ५० ओहम आहे आणि फेज चॅसीला चिकटली. प्रवाह येईल २३० भागिले ५०, म्हणजे ४.६ अँपिअर. ५ अँपिअरची तार घातलेला किटकॅट फ्यूज यात जळणार नाही, ६ अँपिअरचा एमसीबीही पडणार नाही. अर्थिंग केलेले असूनही पेटीवर जवळजवळ पूर्ण दाब राहील आणि माइक धरून उभा असलेला बुवा तिला स्पर्श करेल. याच जागी ३० मिलिअँपिअरची गळती ओळखणारा आरसीसीबी असेल, तर तो क्षणार्धात पुरवठा तोडेल. डोंगरी भागात अर्थिंगला आरसीसीबीची जोड अपरिहार्य आहे, असे तंत्रज्ञ सांगतात ते या हिशेबावरून. हिशेब इतका साधा असूनही गावातल्या मंडपाच्या जोडणीत हे उपकरण अपवादाने दिसते, ही खेदाची गोष्ट आहे.

दुरुस्ती कोणी करावी : तीन भूमिका

पहिली भूमिका मनाईची. अप्रशिक्षिताने पेटी उघडूच नये. उत्पादकांचे इशारे आणि वीज-सुरक्षेचे सरकारी प्रचारसाहित्य हेच सांगते. या पक्षाचा मुख्य मुद्दा असा, की धोका दिसत नाही आणि एकदा चुकले तर शिकण्याची दुसरी संधी मिळत नाही. दुसरा मुद्दा असा, की घरी केलेल्या दुरुस्तीची तपासणी होत नाही. यंत्र वाजायला लागले म्हणजे ते दुरुस्त झाले असे धरले जाते. आवाज उत्तम आणि पेटीला फेज, असे होऊ शकते. हा दुसरा मुद्दा पहिल्यापेक्षा बळकट आहे.

दुसरी भूमिका हक्काची. वस्तू ज्याची, उघडण्याचा अधिकार त्याचा. या मताला अलीकडे सरकारी धोरणाचाही आधार मिळाला. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठीचे पोर्टल सुरू केले. शेती-अवजारे, मोबाइल व टॅब्लेट, टिकाऊ गृहोपयोगी वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे त्यात घेतली. युरोपीय संघाने २०२४ मध्ये दुरुस्तीला चालना देणारा निर्देश संमत केला. मात्र या साऱ्या चळवळीचा रोख चालू उत्पादनांवर आहे : सुटे भाग द्या, माहितीपत्रके द्या, अटी शिथिल करा. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या ज्या यंत्राचा उत्पादक एक तर बंद पडला किंवा त्याने त्या मालाची सेवा थांबवली, त्याला या धोरणातून फारसे मिळत नाही. हक्कवाद्यांचा खरा आधार व्यावहारिक आहे. सेवा केंद्र नाही, मेकॅनिक नाही. मनाई पाळली तर यंत्र भंगारात जाईल.

तिसरी भूमिका पायऱ्यांची आहे आणि अनुभवी मेकॅनिक बहुधा तीच मांडतात. पिन, वायर, बाहेरचा फ्यूज आणि साफसफाई ही कामे सावध माणसाला जमण्यासारखी. पुरवठा तोडून, कॅपॅसिटर रिकामे करून भाग बदलणे ही दुसरी पायरी. तिला मंडल-आकृती वाचता आली पाहिजे. चालू यंत्रात मोजमाप ही तिसरी. ती एकट्याने, थकलेल्या अवस्थेत किंवा ओल्या फरशीवर करायची नाही आणि सोबतच्या माणसाला मेन स्विच कुठे आहे व १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका कशी बोलवायची हे माहीत हवे. चौथी पायरी दुरुस्त यंत्र दुसऱ्याच्या हाती देण्याची. तिच्यासाठी इन्सुलेशनची चाचणी हवी : ५०० व्होल्टच्या मेगरवर मेन्स आणि चॅसी यांच्यात किमान १ मेगओहम. या भूमिकेचे वैशिष्ट्य असे, की ती माणसाची पदवी न विचारता काम कोणत्या पायरीचे आहे ते विचारते. तिची अडचणही तिथेच आहे. आपण कोणत्या पायरीवर आहोत हे ज्याचे त्यानेच ठरवायचे आणि अननुभवी माणूस ते चुकवतो.

पद्धतींतले मतभेद

ज्यांना दुरुस्ती मान्य आहे त्यांच्यातही एकमत नाही. पहिला वाद संरक्षणाच्या साधनाचा. आरसीसीबी लावला की निर्धास्त, असे अनेकांना वाटते. पण आरसीसीबी फेज आणि न्यूट्रल यांच्यातला फरक मोजतो. ॲम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरपलीकडे ४५० व्होल्टचा धक्का बसला, तर मेन्सच्या बाजूला असा फरक पडत नाही आणि आरसीसीबी पडत नाही. उलट बाजूने आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरचे पुरस्कर्ते आहेत. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या जुन्या एसी-डीसी रेडिओंची चॅसी थेट मेन्सच्या एका तारेला जोडलेली असते. मुंबई-कोलकात्याच्या काही भागांत एके काळी डीसी पुरवठा होता, त्या काळातली ही रचना. अशा यंत्रावर काम करताना आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लागतोच. तो लावला की एका तारेला आणि जमिनीला एकाच वेळी हात लागला तरी धक्का बसत नाही; पण दोन्ही तारांना हात लागला तर त्याच्या अलीकडचा आरसीसीबी काहीच करू शकत नाही. साधने दोन्ही खरी आहेत, प्रत्येक वेगळ्या चुकीपासून वाचवते. यातले एकच पुरेसे मानणे हा या क्षेत्रातला सर्वांत पसरलेला गैरसमज म्हणता येईल.

दुसरा वाद पडून असलेले यंत्र पहिल्यांदा चालू करण्याचा. एक पक्ष व्हेरिॲकने दाब हळूहळू वाढवत इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरचा आतला थर पुन्हा जमवतो. दुसरा म्हणतो, तीस वर्षांचे कॅपॅसिटर न तपासता बदला. व्हेरिॲकच्या पद्धतीत एक मर्म दुर्लक्षित राहते : रेक्टिफायर व्हॉल्व्हचा असेल, तर कमी दाबाला त्याचे फिलामेंट तापतच नाही, त्यामुळे कॅपॅसिटरपर्यंत काही पोचत नाही आणि पुढे एकदम पोचते. आपल्याकडचे मेकॅनिक सिरीज बल्ब वापरतात. ६० किंवा १०० वॉटचा फिलामेंटचा दिवा यंत्राच्या मालिकेत लावला की शॉर्ट असल्यास दिवा लख्ख पेटतो आणि यंत्र वाचते. स्वस्त आणि समंजस युक्ती आहे. एलईडी दिव्याने ती साधत नाही. मात्र सिरीज बल्ब यंत्राला वाचवतो, माणसाला नाही. त्यातून जाऊ शकणारा प्रवाह जीव घ्यायला पुष्कळ आहे.

तिसरा वाद मूळ रूप जपण्याचा. संग्राहकांना मूळ दोन पिनांची वायर, मूळ कॅपॅसिटर हवे असतात. काही जुन्या यंत्रांत मेन्समधून चॅसीला जोडलेला एक कॅपॅसिटर असतो. तो शॉर्ट झाला की पेटी जिवंत होते. सुरक्षेच्या बाजूचे म्हणतात की हा काढून टाकावा किंवा त्याजागी ‘वाय’ वर्गाचा बसवावा आणि तीन पिनांची वायर लावावी. प्रदर्शनात ठेवलेल्या, कधीच न चालवायच्या यंत्राबाबत मूळ रूपाचा आग्रह समजू शकतो. रोज वाजणाऱ्या यंत्राबाबत तो टिकत नाही. ‘हम’ येतो म्हणून अर्थची वायर तोडण्याची जी रीत साउंडवाल्यांत आहे, तिचे तर कुठल्याच बाजूने समर्थन होऊ शकत नाही. हम घालवायचे दुसरे मार्ग आहेत.

कायद्याची चौकट

स्वतःचे यंत्र स्वतः उघडण्यास भारतात बंदी नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षाविषयक विनियम २०१० मध्ये आले आणि २०२३ मध्ये नव्याने काढले गेले. इमारतीच्या वायरिंगची कामे परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावीत, असा या विनियमांचा दंडक आहे. दिवे, पंखे, फ्यूज, स्विच, घरगुती उपकरणे यांची साधी बदली त्यातून वगळलेली. म्हणजे मंडपाची जोडणी परवान्याच्या कक्षेत येते आणि टेबलावरचा ॲम्प्लिफायर बाहेर राहतो. भारतीय मानक ब्युरोची सक्तीची नोंदणीही जुन्या यंत्रांना लागू पडत नाही. २०१२ च्या आदेशात ॲम्प्लिफायर आले ते २००० वॉट आणि त्यावरचे, तेही नव्याने विकायचे. विजेच्या वापरातून अपघात घडला, तर विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १६१ नुसार विद्युत निरीक्षकाची चौकशी लागू शकते.

दायित्वाचा विचार नात्यांप्रमाणे करावा लागतो. स्वतःच्या यंत्राने स्वतःलाच इजा झाली, तर दुसऱ्यावर दावा टिकणे अवघड. धोका जाणूनबुजून पत्करलेला असतो. पैसे घेऊन दुरुस्ती केली, तर ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ लागू होतो. त्याच्या कलम ८५ खाली सदोष सेवेमुळे किंवा पुरेसा इशारा न दिल्यामुळे झालेल्या इजेला सेवा देणारा जबाबदार ठरतो. तक्रार जिल्हा आयोगाकडे, कारण उद्भवल्यापासून दोन वर्षांत करायची. यंत्र दुरुस्त करून विकले, तर कलम ८६ पुढे येते : विक्रेत्याने वस्तूत बदल केला आणि तो बदल इजेला मोठ्या प्रमाणात कारणीभूत ठरला, तर दायित्व त्याचे. कलम ८७ ची बाजू उलटी आहे. वस्तूत कोणी फेरफार केलेला असेल, तर मूळ विक्रेत्यावर उत्पादन-दायित्वाची कारवाई होत नाही. पेटी उघडली की जबाबदारी मूळ विक्रेत्याकडून उघडणाऱ्याकडे सरकते, हा या दोन कलमांचा एकत्रित परिणाम.

फुकट केलेल्या कामाचे काय? कलम २(४२) मधील ‘सेवा’च्या व्याख्येतून विनामूल्य सेवा वगळली आहे, म्हणून गावच्या मंडळाचे यंत्र मैत्रीखातर दुरुस्त करणारा ग्राहक कायद्याबाहेर राहतो. पण तेवढ्याने तो मोकळा होत नाही. निष्काळजीपणाबद्दल दिवाणी दावा होऊ शकतो. ज्याच्याशी करार नाही अशा तिऱ्हाइताचीही काळजी घ्यावी लागते, हे तत्त्व ब्रिटनमधल्या १९३२ च्या डोनह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन निकालापासून रुजलेले आहे. मृत्यू झाला आणि त्यामागे निष्काळजी कृती सिद्ध झाली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. १ जुलै २०२४ पूर्वी जुन्या दंड संहितेत हीच मर्यादा दोन वर्षांची होती. तेव्हा ‘पैसे घेतले नाहीत’ हा बचाव एका कायद्यापुरताच चालतो.

एका जुन्या कलमाकडे या चर्चेत सहसा लक्ष जात नाही. करार अधिनियम १८७२ नुसार, वस्तू ठरावीक कामासाठी दुसऱ्याच्या ताब्यात देणाऱ्याने त्या वस्तूतला आपल्याला ठाऊक असलेला धोकादायक दोष सांगितला पाहिजे. कलम १५० मध्ये हे स्पष्ट आहे. पेटीला ‘झिणझिण्या येतात’ हे मंडळाला माहीत असून ते न सांगता यंत्र दुरुस्तीला दिले आणि मेकॅनिकला इजा झाली, तर जबाबदारी मंडळावर येते. शेजारच्या वाडीला जत्रेसाठी उसने दिलेल्या यंत्रालाही हाच नियम. उलट कलम १५१ प्रमाणे ताब्यात घेणाऱ्याने सामान्य समजुतीचा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तितकी काळजी घ्यायची असते. गावगाड्यात यंत्रे अशीच हातोहात फिरतात, म्हणून ही दोन कलमे इथे ग्राहक कायद्यापेक्षाही जास्त उपयोगी पडावीत.

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न हौशी माणसाचा. ग्राहक कायद्यातला विक्रेता ‘व्यवसायाच्या ओघात’ काम करणारा असतो. वर्षाकाठी दोन-तीन यंत्रे विकत घेऊन, दुरुस्त करून विकणारा संग्राहक त्यात बसतो का, याची रेषा कुठे आखायची हे स्पष्ट नाही. दुसरा, फुकट आणि सशुल्क यांच्या मिश्रणाचा. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता प्रकरणात म्हटले, की जिथे काहींकडून पैसे घेतले जातात आणि काहींवर फुकट उपचार होतात, तिथे फुकट उपचार घेणारेही ग्राहक ठरतात. हा निकाल रुग्णालयांबद्दलचा. इतरांकडून पैसे घेणारा आणि देवळाचे यंत्र देवाचे काम म्हणून फुकट करणारा दुकानदार याच न्यायाने बांधला जाईल का, हा युक्तिवाद दोन्ही बाजूंनी करता येतो.

तिसरा, लिहून घेतलेल्या सूटपत्राचा. ‘माझ्या जबाबदारीवर दुरुस्त करून घेत आहे’ असे यंत्राच्या मालकाने लिहून दिले, तरी ते मालकापुरते. माइक हातात घेणाऱ्या कीर्तनकाराने काहीच लिहून दिलेले नसते, त्यामुळे त्याच्याविरुद्ध असे पत्र निरुपयोगी. मग अपघात मंडपात घडला, तर दुरुस्ती करणारा, यंत्राचे मालक मंडळ आणि मंडपाची जोडणी करणारा ठेकेदार यांच्यात जबाबदारी कशी वाटायची, हे पुराव्यावर ठरते. आणि पुरावा ठेवण्याची रीत नाही. कोणता भाग बदलला, इन्सुलेशन किती आले, कोणत्या तारखेला, एवढी नोंद पेटीच्या आत चिकटवली, तर मेकॅनिकचे आणि मंडळाचे दोघांचेही संरक्षण होईल. ही सूचना तिन्ही भूमिकांच्या लोकांना मान्य होण्यासारखी आहे, तरी ती कोणत्याही विनियमात नाही.

चौथा प्रश्न सल्ल्याचा. दुरुस्ती शिकवणाऱ्याने किंवा दूरध्वनीवरून मार्गदर्शन करणाऱ्याने चुकीचे सांगितले आणि ऐकणाऱ्याला इजा झाली, तर सांगणाऱ्यापर्यंत दायित्व पोचते का? पैसे घेऊन दिलेला सल्ला ही सेवा आहे, हे मान्य होईल. सद्भावनेने दिलेल्या सल्ल्याबाबत कारण आणि परिणाम यांची साखळी जोडणे कठीण. जाणत्या मेकॅनिकांनी भीतीपोटी सांगणेच बंद केले, तर धोका कमी होण्याऐवजी वाढेल, हा हक्कवाद्यांचा मुद्दा इथे वजनदार आहे.

विम्याचे चित्र थोडे वेगळे. आगीच्या प्रचलित विमापत्रांत शॉर्ट सर्किट किंवा अतिदाबाने त्याच उपकरणाचे झालेले नुकसान सहसा वगळलेले असते, पण त्यातून पसरलेल्या आगीने इतर मालमत्तेचे झालेले नुकसान वगळलेले नसते. स्वतः केलेल्या दुरुस्तीचा या अटींवर काय परिणाम होईल, ते प्रत्येक विमापत्राच्या शब्दांवर अवलंबून राहते.

शेवटचा प्रश्न आकड्यांचा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात विजेच्या धक्क्याने झालेल्या मृत्यूंची स्वतंत्र नोंद असते. पण धक्का शेतातल्या मोटारीचा, तुटलेल्या तारेचा की उघड्या ॲम्प्लिफायरचा, ही फोड त्यात नाही. मनाईचा पक्ष धोका मोठा मानतो आणि हक्काचा पक्ष तो आवाक्यातला मानतो, ते दोघेही मोजमापाविना. अपघाताच्या चौकशी अहवालात उपकरणाचा प्रकार, त्याचे वय आणि ते आधी कोणी उघडले होते का, हे तीन रकाने विद्युत निरीक्षकांच्या पातळीवर जोडले गेले, तर या वादाला पहिल्यांदाच मोजलेला आधार मिळेल.